दोन खुर्च्या आणि एका ओळीचा ठराव

निवडणूक जवळ आली की आपल्या चळवळीत एकच प्रश्न फिरू लागतो : तिकीट कुणाला? तिकीट ठरवणार कोण, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तर ठरलेले असते, "साहेब ठरवतील." साहेब कोणते ते पक्षाप्रमाणे बदलते, उत्तर बदलत नाही. आम्ही हा प्रश्न एकदा विचारायला गेलो होतो. तिथे आमचे काय झाले आणि आमचे काय चुकले, ते आज लिहितो आहोत. पक्षाचे नाव मुद्दामच घेत नाही. नाव घेतले की सगळी चर्चा त्या एका पक्षावर घसरते आणि बाकीचे सगळे पक्ष हात झटकून मोकळे होतात.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची, लोकसभा निवडणुकीच्या आधीची. पक्षाने परिपत्रक काढले की राखीव मतदारसंघांसाठी उमेदवाराची शिफारस करायला राज्यभरातून प्रतिनिधी बोलावले जातील, प्रत्येक तालुक्याने बैठक घेऊन पाच प्रतिनिधी निवडावेत. आम्ही म्हणजे श्रीरामपूर, नेवासा, राहाता आणि कोपरगाव या चार तालुक्यांतली पोरे. शिकलेली, अर्धवट शिकलेली, कुणी साखर कारखान्यात हंगामी, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नादात तिशी ओलांडलेली. परिपत्रक वाचून आम्हाला खरेच आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला सतरंज्या उचलायला नव्हे, मत द्यायला बोलावत होते.

आम्ही बैठका घेतल्या. बुद्धविहारात, समाजमंदिरात, एके ठिकाणी तर शाळेच्या ओट्यावर. वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या, पत्र्याच्या डब्यात टाकल्या, सगळ्यांसमोर मोजल्या. चार तालुक्यांतून वीस जण निवडले. एका जाडजूड रजिस्टरमध्ये इतिवृत्त लिहिले, खाली सह्या घेतल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. मग माणशी दोनशे रुपये वर्गणी काढून दोन क्रूझर केल्या आणि पहाटेच पुण्याच्या दिशेने निघालो. गाडीत गाणी, घोषणा, मध्येच वाद. उमेदवार कोण असावा यावर आमचे एकमत मुळीच नव्हते, आणि त्याचेही आम्हाला अप्रूप वाटत होते.

मंगल कार्यालयाच्या दारात टेबल मांडलेले. टेबलामागे गळ्यात बिल्ला लटकवलेला एक कार्यकर्ता.

"दादा, कुठून आलात?"

"नगर जिल्हा. उत्तर भाग. वीस जण आहोत."

त्याने यादीवरून बोट फिरवले. "नगर जिल्हा तर आत बसलाय."

जिल्हाध्यक्षांच्या लेटरहेडवर तीस नावांची यादी आधीच पोहोचली होती. पास वाटून झाले होते. आमचे रजिस्टर त्याने उघडूनसुद्धा पाहिले नाही. आम्ही आवाज चढवला. मग आतून एक वडीलधारे पदाधिकारी आले, आमच्यातल्या दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून म्हणाले, "पोरांनो, भांडण बरं दिसत नाही. बाहेर पत्रकार आहेत. तुमच्यातले दोघे विशेष निमंत्रित म्हणून आत घेतो. बाकीच्यांची जेवणाची सोय केलेली आहे."

चहाच्या टपरीपाशी आम्ही अर्धा तास वाद घातला. कुणी म्हणाले, इतक्या लांब आलोय, निदान दोघे तरी आत जाऊन बोलतील. कुणी म्हणाले, आज दोन मिळाल्या, पुढच्या वेळी दहा मिळतील. वीस जणांत तीन महिला होत्या. त्यांतल्या एक ताई तेवढ्या म्हणाल्या, "दोघंच जाणार होते तर वहीत वीस नावं कशाला लिहिली?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. दोघे आत गेले. दोघेही पुरुष होते, हे वेगळे सांगायला नकोच.

आत काय झाले? तीन तास भाषणे झाली. चार वाजता एका ओळीचा ठराव वाचला गेला : उमेदवार निवडीचे सर्वाधिकार पक्षाच्या अध्यक्षांना देण्यात येत आहेत. मंजूर आहे ना? मंजूर! हात वर झाले, टाळ्या वाजल्या. मिनिटभराचे काम. ज्यांच्याकडे रीतसर पास होते त्यांनी आणि आमच्या दोन विशेष निमंत्रितांनी एकाच वेळी, एकाच ठरावाला टाळ्या वाजवल्या. हो, आमच्या दोघांनीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी घोषणा दिल्या नाहीत.

हा प्रसंग आम्ही बरीच वर्षे "आमच्यावर अन्याय झाला" या सदरात सांगत होतो. ऐकणाराही मान हलवायचा. पुढे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याची एक गोष्ट वाचनात आली आणि ही सोयीची मांडणी आमच्या हातातून निसटली.

1964 सालची ती गोष्ट. अमेरिकेत पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार अधिवेशनात ठरतो आणि प्रत्येक राज्यातून त्यासाठी प्रतिनिधी जातात. मिसिसिपीच्या डेमोक्रॅटिक पक्षावर गोऱ्यांचा ताबा होता. काळ्यांना मतदार यादीतच नाव घालू देत नसत, मग पक्षाच्या बैठकीत कोण येऊ देणार? तेव्हा तिथल्या काळ्या शेतमजुरांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी स्वतःचा मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष काढला. आपल्या वस्त्यांमध्ये बैठका घेतल्या, मग जिल्ह्यांच्या, मग राज्याचे अधिवेशन भरवले आणि 68 प्रतिनिधी निवडून बसने अटलांटिक सिटीला नेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आम्ही आहोत, त्या खुर्च्या आमच्या आहेत.

प्रतिनिधींची सनद तपासणाऱ्या समितीपुढे फॅनी लू हेमर नावाच्या बाईंनी साक्ष दिली. कापसाच्या मळ्यावर राबणारी बाई. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून 1962 मध्ये मळ्यावरून हाकलली गेली आणि 1963 मध्ये तुरुंगात तिला अमानुष मारहाण झाली. हे सगळे ती टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे सांगत होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना दक्षिणेतल्या गोऱ्यांची मते जाण्याची एवढी धास्ती की त्यांनी त्याच वेळी घाईघाईने पत्रकारांना बोलावले, म्हणजे कॅमेरे तिच्यावरून हटतील. संध्याकाळी वाहिन्यांनी तिची साक्ष पुन्हा दाखवली आणि साऱ्या देशाने ती पाहिली, ही गोष्ट वेगळी.

मग तडजोड पुढे आली. 68 पैकी दोघांना जागा. कुठले दोघे, तेही वरूनच ठरवलेले, आणि मिसिसिपीचे म्हणून नव्हे. बाकीचे पाहुणे म्हणून बसतील. पुढच्या अधिवेशनापासून भेदभाव चालणार नाही असे आश्वासन. मोठमोठ्या नेत्यांनी सांगितले, घ्या, पदरात पाडून घ्या.

त्यांनी घेतल्या नाहीत!

आमच्या त्या टपरीवरचे सगळे युक्तिवाद त्यांच्याही पुढे होते, आणि त्यांना धोका आमच्याहून कितीतरी जास्त होता. आम्हाला फार तर तालुकाध्यक्षपद मिळाले नसते. ते परत गेल्यावर त्यांच्या घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या असत्या. त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या मोहिमेतल्या तीन तरुणांचे खून झाले होते. तरी त्यांनी दोन खुर्च्या नाकारल्या. सहानुभूती असलेल्या दुसऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींकडून पास घेऊन ते सभागृहात शिरले आणि मिसिसिपीच्या मोकळ्या खुर्च्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर खुर्च्याच काढून टाकलेल्या. तर ते त्या जागेवर उभे राहिले. चार वर्षांनी, 1968 च्या अधिवेशनात, मिसिसिपीच्या जुन्या गोऱ्या प्रतिनिधींना बाहेर ठेवून काळ्या-गोऱ्यांच्या एकत्रित गटाला जागा मिळाली. त्यात हेमरबाई होत्या आणि सभागृहाने उभे राहून त्यांचे स्वागत केले.

यातला एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. अटलांटिक सिटीत भ्रमनिरास झालेल्या तरुणांपैकी काहींनी पुढे अलाबामाच्या लाउंड्स काउंटीत स्थानिक काळ्या रहिवाशांबरोबर स्वतंत्र पक्ष उभा केला. त्याचे चिन्ह होते काळा पँथर. तिथून ते नाव 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलले आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण छातीवर मिरवतो तो पँथर त्या नाकारलेल्या दोन खुर्च्यांच्या वाटेने आलेला आहे. आणि आम्ही पँथरचे वारसदार म्हणवणारे जेवणाच्या कुपनावर गप्प बसलो.

कुणी म्हणेल, अमेरिकेचे इथे कशाला? तिथले प्रतिनिधी खरोखर मत देतात, इथे सगळे श्रेष्ठी ठरवतात. बरोबर. नेमके तेच म्हणायचे आहे. आम्ही खुर्चीसाठी भांडलो, पण त्या खुर्चीला मत आहे का, हे विचारलेच नाही. मिसिसिपीत गोऱ्यांनी खुर्च्या अडवल्या त्या त्यांना किंमत होती म्हणून. आमच्या मेळाव्यात खुर्च्यांना कवडीची किंमत नव्हती, तरी आपण आपापसात डोकी फोडायला तयार होतो. लेटरहेडवरचे तीस आणि रजिस्टरमधले वीस यांचे भांडण लागले आणि सर्वाधिकार अलगद तिसऱ्याच्या खिशात गेले.

आपला उमेदवार आपण निवडण्याचा अधिकार या देशात अस्पृश्यांना एकदा कायद्याने मिळाला होता, हे आज किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार आपण शिव्या घालण्यापुरता आठवतो. स्वतंत्र मतदारसंघ गेले, 148 राखीव जागा आल्या, एवढे पाठ असते. पण त्या करारात दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचे आणि प्रत्येक राखीव जागेसाठी चार उमेदवार निवडायचे. त्या चौघांमधूनच मग सर्व मतदारांनी एकाला निवडायचे. म्हणजे तिकीट वाटण्याचा अधिकार वस्तीकडे होता! पुढे प्रत्यक्षात चारपेक्षा जास्त उमेदवार उभे असतील तरच ही फेरी होऊ लागली, त्यामुळे अनेक जागांवर ती झालीच नाही. आणि करारातच तिला दहा वर्षांची मुदत घातलेली होती.

आम्ही पुणे कराराचे गुणगान करत नाही. बाबासाहेबांनी तो कोणत्या दडपणाखाली स्वीकारला आणि पुढे त्याबद्दल काय लिहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. 1945-46 च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या उमेदवारांना अस्पृश्यांच्या पहिल्या फेरीत पाठिंबा मिळायचा आणि सर्वसाधारण मतदानात ते पडायचे. बाबासाहेबांनी हीच गोष्ट ब्रिटिश सरकारपुढे मांडली : आमचा माणूस कोण ते पहिली फेरी सांगते, दुसरी फेरी ते पुसून टाकते. संविधान आले तेव्हा राखीव जागा राहिल्या आणि पहिली फेरी गेली. आता उरली फक्त पुसणारी फेरी.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. 1937 मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम नगर जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. पक्ष स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते. आज 2009 पासून शिर्डी लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. 2009 मध्ये रामदास आठवले काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर इथे उभे राहिले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरेंकडून पडले. 2014 आणि 2019 मध्ये शिवसेनेचे सदाशिव लोखंडे निवडून आले. 2014 ला वाकचौरे काँग्रेसकडून हरले आणि 2024 मध्ये ठाकरे गटाकडून जिंकले. त्याच 2024 मध्ये उत्कर्षा रूपवते काँग्रेस सोडून वंचित बहुजन आघाडीकडून लढल्या, त्यांना सुमारे 90 हजार मते पडली. कोण कुठल्या पक्षातून कुठे गेले याचा हिशेब करायला इथल्या कार्यकर्त्याला वही लागते. या चार निवडणुकांत, यातल्या कुठल्या नावासाठी मतदारसंघातल्या दलित वस्तीत चिठ्ठी पडली होती? तिकीट मुंबईत ठरते आणि बातमी इथे मोबाइलवर येते.

आणि हा प्रश्न फक्त प्रतिष्ठेचा नाही. सोनई याच मतदारसंघात आहे. खर्डा आणि जवखेडे शेजारच्या मतदारसंघात. त्या दिवसांत आम्ही गावोगाव फिरलो तेव्हा माणसे एकच विचारत होती, आपला म्हणून निवडून दिलेला माणूस नेमका कुणाचा? ज्याला तिकीट ज्याने दिले त्याचा, हे उत्तर द्यायला आम्हाला लाज वाटत होती.

आता आपल्या घराकडे या. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन-तीन वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन तुकडे. मग तुकड्यांचे तुकडे. 1998 मध्ये एकत्र आलो तर चार खासदार निवडून आले, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले, आणि चौघेही खुल्या मतदारसंघांतून! पुन्हा फुटलो. प्रत्येक फुटीत दोन्ही बाजू म्हणाल्या, खरा पक्ष आमचा. ते ठरवायचे कसे? सभासदांची यादी कुठे आहे? मत देणारे प्रतिनिधी कुठे आहेत?

1969 मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा निवडणूक आयोगाने खासदार-आमदार मोजले आणि अखिल भारतीय समितीचे सदस्य व प्रतिनिधीही मोजले. मोजायला काहीतरी होते. सुप्रीम कोर्टाने 1971 च्या सादिक अली खटल्यात ही पद्धत मान्य केली. पण 17 फेब्रुवारी 2023 च्या शिवसेनेच्या निकालात आयोग म्हणाला की संघटनेतले बहुमत नीट ठरवता येत नाही, म्हणून आमदार-खासदारांचे बहुमत धरले. 6 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादीचेही तेच. ज्या पक्षात प्रतिनिधी नावापुरते असतात तिथे पक्ष म्हणजे आमदारांची मोट, मग ती मोट जो नेईल त्याचा पक्ष. हे सत्ताधाऱ्यांना परवडते. ज्या आंबेडकरी पक्षांकडे आमदार बोटावर मोजण्याइतकेही नाहीत, त्यांचे आयोग काय मोजणार?

इतके सगळे दुसऱ्यांना सुनावल्यावर आमचे उरलेले सांगतो, नाहीतर लेख अर्धवट राहील.

त्या दिवशी जेवणाच्या रांगेत लेटरहेडच्या यादीतला एक कार्यकर्ता आमच्या शेजारी होता. संगमनेर तालुक्यातला, मातंग समाजाचा. आम्ही त्याला टोमणा मारला, "तुम्हाला कुणी निवडलं होतं?" तो शांतपणे म्हणाला, "कुणीच नाही. पण भाऊ, तुमची बैठक आमच्या गावात झाली का? तुम्ही विहारात बैठक घेतली. आम्ही कुठं यायचं?" नंतर रजिस्टर उघडून पाहिले. वीस जणांत सतरा पुरुष आणि वीसच्या वीस बौद्ध. मातंग नाही, चर्मकार नाही, होलार नाही. राखीव मतदारसंघाच्या उमेदवाराची शिफारस करायला निघालो होतो आणि अनुसूचित जातींच्या अर्ध्या वस्त्यांचा आम्ही दरवाजाही ठोठावला नव्हता. सनद तपासणारी समिती खरोखर असती आणि त्या भावाने आमच्याविरुद्ध साक्ष दिली असती, तर आमची यादीही टिकली नसती. गोऱ्यांची यादी का बाद झाली? बैठकीत सगळ्यांना येऊ दिले नाही म्हणून. आमचा दोष तेवढा मोठा नव्हता, पण जातीचा होता, हे लपवून चालणार नाही.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पुन्हा रजिस्टर उघडले आहे, या वेळी कुठल्याही पक्षाच्या परिपत्रकाविना. सहाही तालुके, प्रत्येक वस्ती, जात न बघता अनुसूचित जातीचा प्रत्येक मतदार ज्याला यायचे आहे तो. शिर्डीत पुढच्या वेळी लढू पाहणाऱ्या प्रत्येक आंबेडकरी पक्षाला आमचे एकच निवेदन गेले आहे : उमेदवार या बैठकांमध्ये चिठ्ठीने ठरवा, आणि एबी फॉर्म त्याच नावाला द्या. एका पक्षाकडून उत्तर आले की सूचनेचा विचार केला जाईल. बाकीच्यांकडून तेही नाही. आमच्यातच काही जण म्हणतात, साहेब नाराज होतील. होऊ देत. काहींची शंका जास्त खरी आहे : चिठ्ठीतून पैसेवाला निवडून आला तर? येऊ शकतो. पण त्याला निदान सहा तालुक्यांतल्या वस्त्यांना तोंड द्यावे लागेल, आणि चुकलो तर आम्ही चुकलो असू.

पहिली बैठक संगमनेर तालुक्यात त्या भावाच्या गावी ठरली आहे, अण्णाभाऊ साठे यांच्या नावाच्या समाजमंदिरात. टपरीवरच्या त्या ताईंना आम्ही अध्यक्षस्थानी बसायला सांगितले होते. त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, खुर्ची तुम्हालाच ठेवा, मी डब्याजवळ बसते, चिठ्ठ्या मी मोजणार. तसे रजिस्टरमध्ये लिहून घेतले आहे.

जय भीम!